कुकुपच्या सहलीचं पुढारीपण

शनिवार, १२ जुलै. संध्याकाळी ७
उद्या आमच्या ब्लॉकची, म्हणजे इमारतीची, सहल. सिंगापुरातून निघायचं, मलेशियात कुकुपला मासे खायचे, ड्युरियनचं फळ खायचं, संध्याकाळी घरी. याप आंटी अकरा वर्षं या सहली काढतायत. आता त्यांचे गुडघे गेले. उद्या परतताना बसमध्येच हात वर करून नवा पुढारी निवडणार. मी सोडून आहे कोण? देवराजन उभा राहील असा वास येतोय. जन्मभर पोस्टात शिक्के मारले, तो काय माणसं सांभाळणार! मी एकतीस वर्षं गोदाम सांभाळलं. एक खोका इकडचा तिकडे झाला नाही.
उद्याचा संकल्प: कोणावर ओरडायचं नाही. सगळ्यांशी गोड बोलायचं, लायकी नसली तरी. बी लियनला, म्हणजे घरच्या विरोधी पक्षाला, वाचून दाखवला. म्हणाली, दुपारपर्यंत टिकलास तरी देवळात उदबत्ती लावीन.
टिश्यूची बारा पाकिटं पिशवीत टाकली.

रविवार, १३ जुलै. सकाळी ५.४०
बस सहाला. मी पाचपासून हजर. दार उघडताच पहिल्या सीटवर टिश्यूचं पाकीट ठेवलं. जागा धरली. देवराजन आला, पाकीट बघितलं, मुकाट्याने मागे गेला. याला म्हणतात देश! पाकीट असेल तिथे आमच्याकडे कोणी बसत नाही, मग मालक तासभर का उगवेना.

सकाळी ८.१५
सीमेच्या नाक्यावर दीड तास. या लोकांना स्वतःचा पासपोर्ट हातात धरता येत नाही. नवव्या मजल्यावरच्या बाईंनी तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला होता. मी फक्त एवढंच म्हटलं की आमच्या गोदामात याहून हुशार उंदीर होते. आवाज चढवला नाही, त्यामुळे संकल्प शाबूत.

सकाळी १०
गाइड रोस्लान पलीकडे चढला. चाळिशीचा, सतत हसणारा. सतत हसणाऱ्याला कामाचं गांभीर्य नसतं. माइकवर अननसाच्या शेतीबद्दल सांगत होता. मी तीन दुरुस्त्या केल्या. चौथीला मागून कोणीतरी म्हणालं, हेंग अंकल, अननसाला पण बोलू द्या जरा. अख्खी बस हसली. लोक माझ्याशी मोकळे होतायत. चांगलं लक्षण.

दुपारी १२.१०
कुकुप. हॉटेल पाण्यात खांबांवर. आमची मंडळी धक्क्यावर फोटो काढत बसली. मी पुढे धावलो आणि समुद्राकडची चार गोल टेबलं धरली. प्रत्येकावर दोन पाकिटं. हे पाहिल्यावर देवराजनने नाव मागे घेतलं तर बरं.

दुपारी १.४५
अडाणी देश.
मलेशियातल्याच इपोहहून आलेला बायकांचा एक गट. सगळ्यांचे पिवळे टी-शर्ट. सरळ माझ्या टेबलांवर बसल्या. एकीने पाकीट फोडलं, घाम पुसला आणि शेजारणीला म्हणाली, इथली सेवा चांगली आहे हो. मी समजावून सांगितलं की पाकीट म्हणजे जागा धरलेली आहे. ती म्हणाली, अंकल, टिश्यू मिळाले, आता गरम पाणी आणा.
मी हटलो नाही. चौथं टेबल अजून रिकामं होतं, त्याच्यासमोर पाऊण तास उभा राहिलो. तत्त्वाचा प्रश्न होता. मग कळलं की रोस्लानने आमची टेबलं आतल्या खोलीत महिन्यापूर्वीच सांगून ठेवली होती आणि मंडळी केव्हाच जेवायला बसली होती. आत गेलो तेव्हा माशाचं डोकं उरलं होतं. बी लियन म्हणाली, डोकं मुद्दामच ठेवलंय, तुला गरज आहे.
त्या पिवळ्या बायकांना ती हसतहसत केळी देऊन आली. शत्रूला खाऊ घालायची खोड हिला पहिल्यापासून आहे.

दुपारी २.३०
बसमध्ये बी लियन मागे याप आंटींशेजारी जाऊन बसली. म्हणे पुढे ऊन लागतं. बरंच झालं. पुढाऱ्याला एकांत लागतो.

दुपारी ४.०५
ड्युरियनचा ठेला. सगळे हावरटासारखे तुटून पडलेत. यांना हे कळत नाही की पाचनंतर नाक्यावर मुंगीला वाट मिळत नाही. मी टाळ्या वाजवून सगळ्यांना बसमध्ये घातलं. तोंडात घास असलेल्यांनासुद्धा. रोस्लान डोकी मोजायला उठला. त्याला बसवलं. म्हटलं, एकतीस वर्षं माल मोजलाय, गप्प बस. पुढून मागे एकदा नजर फिरवली. चाळीस, यादीइतकेच. निघालो.
रोस्लान पहिल्यांदाच हसत नव्हता. शिकतोय.

दुपारी ४.३०
रोस्लानचा फोन वाजला. याप आंटी बोलत होत्या. ठेल्यावरून.
त्या मागच्या संडासात गेल्या होत्या. गुडघ्यांमुळे उठता येत नाही, म्हणून हात द्यायला एक बाई बरोबर होती. ती बाई म्हणजे बी लियन.
माझी मोजणी चूक नव्हती. बसमध्ये चाळीस डोकीच होती. त्यात ड्रायव्हर आणि रोस्लान धरायचे नसतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. देवराजन म्हणाला, अंकल, खोके राहू द्या, निदान बायको तरी मोजायची. पोस्टातला विनोद.

संध्याकाळी ५.१०
परत गेलो. दोघी बाकड्यावर मजेत. बी लियनने मालकाशी बहीणभावाचं नातं जोडून सगळ्यांसाठी दोन टोपल्या फोडून ठेवलेल्या. मंडळी उतरून पुन्हा खायला बसली. मला कोणी बोलावलं नाही. मी बसची राखण केली.
बी लियन ओरडली नाही. एवढंच म्हणाली, गोदामात एकतीस वर्षांत काय काय राहून गेलं असेल रे.

संध्याकाळी ७.२०
नाका. गर्दीत अडकलोय. मतदान झालं.
याप आंटींनी आधी माझं नाव घेतलं. मी पहिल्या सीटवर, मागचं दिसत नाही. नम्रपणे समोर बघत हात वर केला. मागे इतकी शांतता होती की मला वाटलं, सगळ्यांचे हात वर आहेत. मग ड्रायव्हरच्या आरशात पाहिलं. एकच हात होता. घड्याळ माझं होतं.
मग देवराजन उठला. स्वतःचं नाव देणार, या तयारीत मी होतो. त्याने बी लियनचं दिलं. टाळ्या इतक्या की शेजारच्या बसमधले लोक बघायला लागले.
बाकीच्यांचं सोडा, मेंढरं आहेत. पण माझ्या वेळी बी लियनचासुद्धा हात खाली होता. ते लागलं.

गुरुवार, १७ जुलै. सकाळी ९
शांतपणे विचार केला. घरात पुढारीपण आलं म्हणजे माझ्याकडेच आलं. निर्णय मी घेणार, सही ती करणार. पुढच्या सहलीसाठी अकरा सूचना लिहून तिच्या चहाच्या कपाखाली ठेवल्या.
आत्ता खाली पुढच्या सहलीची यादी लागली. चाळीस नावं. दोनदा मोजली. माझं नाही. वर जाऊन जाब विचारला. बी लियन म्हणाली, जागा भरल्या, आधी लोक, मग घरचे. तुला वेटिंगवर टाकलंय.
वेटिंगवर मी दुसरा. पहिल्या आहेत देवराजनच्या सासूबाई, वय एक्याण्णव. आजच सहज तब्येतीची चौकशी केली. ठणठणीत आहेत.