लिंबोणीतल्या ट्रॅक्टरचा फिल्टर

प्रिय भारती,

सप्रेम जय भीम. परवा तू फोनवर विचारलंस, फिल्टर मिळाला का. मी मिळाला म्हणालो आणि फोन भामाबाईच्या, तुझ्या आत्याच्या, हातात दिला. तुला ते तुटक वाटलं असेल. सासऱ्यानं सुनेला पत्र लिहावं असे दिवस आता राहिले नाहीत, पण मला फोनवर सलग बोलणं जमत नाही. 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली एस.टी.त सगळी नोकरी गेली, त्याचा हा परिणाम असेल. म्हणून जे झालं ते लिहून कळवतो. लांबलं तर वाचायला दोन वेळा बस.

ट्रॅक्टरचं तुला थोडं ठाऊक आहे, पण सगळं नाही. पंकजनं तो छोटा घेतला तो आपल्या लिंबोणीच्या ओळींतून फिरावा म्हणून. मोठं धूड आत घातलं की फांद्या मोडतात. पंकज अपघातात गेल्यावर मी ट्रॅक्टर विकायला निघालो होतो, तू राहू द्या म्हणालीस. मग मीच चालवायला घेतला. बस हाकलेल्या माणसाला ते खेळणं वाटतं. आपली बाग करून मी शेजारच्या तिघा-चौघांच्या बागांतही रोटर मारून गवत काढून देतो. दिवस बरा जातो. या पावसाळ्यानंतर मात्र तो काळा धूर ओकायला लागला. रोटर जमिनीत टेकवला की दम तुटायचा. एअर फिल्टर खोलून बघितला तर आतल्या कागदाच्या घड्या मातीनं बुजल्या होत्या, आणि एका बाजूला कागद फाटला होता. मी तो हवा मारून मारून वापरत आलो होतो. आपल्या जामखेडकडची धूळ तुला माहीत आहे, पिठासारखी. पाऊस संपून चार उन्हं पडली की ती उडायला लागते.

नगरला शोरूममध्ये गेलो. तिथला मुलगा कॉम्प्युटरवर बघून म्हणाला, हे मॉडेल कंपनीनं बंद केलं आहे, नुसता फिल्टर येत नाही, डब्यासकट सगळं मागवावं लागेल. भाव ऐकला आणि पाणी पिऊन बाहेर आलो. जामखेडला परत येऊन एक स्वस्तातला घेतला. दिसायला अगदी तसाच. बसवून दोन बागा केल्या. मग गनीभाईला सहज दाखवला. गनीभाई म्हणजे डेपोतले माझे जुने मेकॅनिक, त्यांनी तुमच्या लग्नात मांडव घातला होता. त्यांनी इंजिनाकडे जाणारी नळी काढली, आतून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढं धरलं. मातीनं माखलेलं. म्हणाले, "सोपानराव, ह्यो फिल्टर न्हाई, चाळण हाय. ह्या दिवाळीला इंजिन खोलावं लागंल." रबर कडक होतं, ते डब्यात नीट बसतच नव्हतं. कडेनं सगळी धूळ आत जात होती. त्याच दिवशी ट्रॅक्टर शेडमध्ये उभा केला. बागांत गवत गुडघ्याला आलं. लोक रोज विचारायचे, मी रोज उद्या म्हणायचो.

हे सगळं भामाबाईनं तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू म्हणालीस, श्रीरामपूरला स्टेशनच्या बाजूला इंजिनाच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, जुना फिल्टर घेऊन तिथं या. माझं नाव सांगायची गरज नाही, असंही म्हणालीस. तिथल्या दवाखान्यात नर्स असलेल्या पोरीला हे दुकान कसं ठाऊक, असं माझ्या मनात आलं. मग वाटलं, दवाखान्यात सगळ्या तऱ्हेची माणसं येतात.

जुना फिल्टर पिशवीत घालून निघालो. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टर अजून नगर नगरच ओरडतो. तिथून पुढची गाडी धरली. नागापूरची एमआयडीसी मागे पडेपर्यंत उभाच होतो, मग जागा मिळाली. दुकान लगेच सापडलं. लांबट, बोळासारखं, छतापर्यंत खोकी. गल्ल्यामागं येशूचं कॅलेंडर. दुकानदार चाळिशीच्या आतबाहेरचा, चष्मा लावणारा. मी फिल्टर पुढं ठेवला. भाव सांगायच्या आधी त्यानं तो मापला. बाहेरची रुंदी, आतलं भोक, उंची. कागदावर आकडे टिपले आणि शिडी लावून वर चढला. एक आणला, तो उंचीला कमी भरला. दुसऱ्याचं रबर बारीक. तो परत वर गेला. मी म्हणालो, राहू द्या, त्रास होतोय. तर म्हणाला, तुम्ही इतक्या लांबून आलात. मी कुठून आलो हे तोवर सांगितलेलं नव्हतं.

तिसरा निघाला तो एका जनरेटरचा. मापात तंतोतंत. रबर मऊ. त्यानं मोबाईलचा उजेड आत सोडून मला सगळ्या घड्या फिरवून दाखवल्या, कुठं भोक नाही. कंपनीच्या भावाच्या पाव हिश्शापेक्षाही तो स्वस्त पडत होता. ट्रॅक्टरचं नाव छापलं की भाव चढतो, वस्तू तीच, असं तो म्हणाला. तेवढ्यात चहा आला. माझा बिनसाखरेचा. साखरेचं मी सांगितलं नव्हतं. चहा पिताना त्यानं विचारलं, "लिंबाच्या फांद्या खाली असतात ना, मामा? वरची टोपी अजून फांदीला अडकून निघते का?" फिल्टरच्या डब्यावर ती टोपी असते, पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून. आपली सारखी निघायची. पंकजनं ती तारेनं बांधली होती, तू शेजारी पक्कड धरून उभी होतीस. दुकानात मी ट्रॅक्टर म्हणालो होतो. लिंबाचं एक अक्षर काढलं नव्हतं.

मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुम्ही भारतीला ओळखता?"

त्यानं फिल्टर परत खोक्यात घातला. मग म्हणाला, "हो. त्यांनी तुम्हाला काही सांगू नका म्हटलंय. पण तुम्ही विचारलंत, तर मी खोटं बोलणार नाही."

त्याच्या आईला तुझ्या वॉर्डात ठेवलं होतं, तिथं ओळख झाली, एवढं त्यानं सांगितलं. त्यानं तुला लग्नाचं विचारलं आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, हेही सांगितलं. उत्तर का दिलं नाहीस, हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी नाव विचारलं. प्रवीण म्हणाला. मी पावती करायला सांगितली, फिल्टर पिशवीत घातला आणि निघालो. तो दुकानाच्या पायरीपर्यंत आला.

स्टँडवर नगरची गाडी लागली होती. मी चढलो नाही. तुझा दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा आहे, तिकडेही गेलो नाही. बाकावर बसून राहिलो. काय वाटलं ते सरळ सांगतो. राग आला. तुझा नाही, त्या माणसाचाही नाही. पंकजचा आला. तो मोटरसायकल नीट चालवून घरी आला असता तर मला परक्याच्या दुकानात बसून हे कळायची पाळी आली नसती. मेलेल्या पोरावर रागावून उपयोग नाही, हे कळायला आणखी एक गाडी गेली. मग भीती वाटली. तू दर महिन्याला येतेस, आत्याचं बीपी बघतेस, माझ्या गोळ्या मोजतेस, जाताना दोघांना रागावतेस. हे बंद होईल. घर पुन्हा तसंच होईल, पंकज गेल्यानंतरच्या दिवसांसारखं. पुढच्या गाडीत बसलो तेव्हा ठरवलं होतं, घरी काही बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गनीभाईंनी फिल्टर बसवला. चार दिवस बागा करून त्यांनी पुन्हा नळी काढली आणि बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. धूरही गेला. ट्रॅक्टर आता पहिल्यासारखा ओढतो. भामाबाई शेडच्या दारात उभी होती. गनीभाई गेल्यावर तिनं विचारलं, दुकानदार कसा होता. तिनं हे का विचारावं? मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "गेल्या दिवाळीपास्नं पोरगी हसाय लागलीया. मला दिसत न्हाई व्हय?" मग मी सगळं सांगितलं. ती ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसली. रडली. मी रडू दिलं. उठली तेव्हा पहिला प्रश्न होता, त्याची आई आता बरी हाय का. दुसरा, किरिस्ताव हायेत का. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "असू दे. पर हितं येनं बंद करू नगं म्हनावं. तेवढंच."

तर पत्र लिहायचं कारण हे. हे दोन दिवस आम्ही बोललो. तू आमच्यामुळे उत्तर देत नाहीस, हे आम्हाला कळलं आहे, आणि ते आम्हाला मान्य नाही. तुला तो माणूस नको असेल तर तसं कळव, विषय संपला. पण हवा असेल तर त्यासाठी आम्हाला कारण करू नकोस. तुझे वडील आज नाहीत. या रविवारी मी आणि तुझी आत्या श्रीरामपूरला येतोय. तुझ्या आईला घेऊन प्रवीणच्या आईकडे जाऊ. लग्न चर्चमध्ये लावायचं, विहारात की नुसतं रजिस्टर, ते तुम्ही दोघं ठरवा, त्यावर आम्ही वाद घालणार नाही. तिथं कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं यावर आत्या दोन दिवस अडली होती. काल संध्याकाळी तिनं ठरवलं. आम्ही मुलीकडचे म्हणून येतोय. रविवारी ड्युटी लावून घेऊ नकोस.

तुझाच,
सोपानमामा