कृष्णीचा पाट

भोर,
मंगळवार, २२ एप्रिल

प्रिय पिंके,

सप्रेम जय भीम.

बांगड्यांच्या पुडक्यातून चार घड्या घातलेला कागद निघाला म्हणून दचकू नकोस. फुलाबाई कासारणीला मीच गळ घातली. टपालानं पाठवलं असतं तर आधी तुझ्या सासूनं फोडलं असतं, आणि फोनचं तर नावच काढू नको. महिन्याभरात तीनदा केला. एकदा सकाळी अकराला, एकदा दुपारी चारला, एकदा दिवेलागणीला. तिन्ही वेळा त्यांनीच उचलला आणि तिन्ही वेळा तू झोपलेली होतीस. अगं, तालमीत कुणाला डुलकी लागली तर तोंडावर पाणी मारणारी तू, तू कधीपासून एवढी झोपाळू झालीस? दाजींना द्या म्हटलं, तर फोन ठेवून दिला. तुझं काहीतरी बरं चाललेलं नाही हे मला कळलंय, आणि पहिल्यांदा कळलं ते कुठल्या माणसाच्या तोंडून नाही. पुढचं वाचून मला वेडी म्हणशील. म्हण खुशाल. पण अर्ध्यात ठेवू नकोस.

आपल्या मंडळानं ‘शेवटचं घर’ पुन्हा काढलंय. हो, तेच. तुझं लग्न ठरलं आणि तालमी अर्ध्यावर टाकून तू गेलीस, तेव्हा सरांनी वही ट्रंकेत टाकून कुलूप लावलं होतं. चार वर्षं त्यांनी त्या नाटकाचा विषय काढू दिला नाही. यंदा फेब्रुवारीत अचानक वही घेऊन समाजमंदिरात आले आणि म्हणाले, मंडळी, करायचं. श्रीपाद सर आता काठी घेऊन चालतात, पण ओरडायला लागले की काठी विसरतात. सोपान अजून आंबवड्याहून त्याच खटारा गाडीवर येतो, अजून उशिरा येतो आणि अजून शिव्या खातो. मी दिवसभर ब्लाउज शिवते आणि सहाला मशिनीवर कपडा टाकून प्रॉम्प्टिंगला बसते. डाव्या विंगेत, माझ्या त्याच मोडक्या खुर्चीवर. तुझं कृष्णीचं काम करायला किकवीची सई मिळाली. गुणी पोरगी आहे, पण कंपनीत कामाला असल्यामुळं रविवारीच यायची. मग इतर दिवशी तिच्या जागी पाट.

पाटाची पद्धत तू विसरली नसशील. दुसऱ्या मंडळांत नट आला नाही तर कुणीतरी प्रॉक्सी उभा राहून त्याची वाक्यं वाचतो. सरांना ते मुळीच खपत नाही. नट चुकीच्या आवाजाला सवकतो म्हणतात. आपल्याकडं गैरहजर माणसाच्या जागी पाट ठेवायचा, समोरच्यानं पाटाकडं बघून आपलं वाक्य म्हणायचं, पाटाचं वाक्य होईल इतका वेळ गप्प राहायचं आणि मग पुढचं घ्यायचं. प्रॉम्प्टरनंसुद्धा ते वाक्य मनातल्या मनात म्हणायचं, ओठ हलवायचे नाहीत. आपण किती हसायचो त्याला! एकदा सोपान पाटाशी इतका रंगून भांडला होता की समाजमंदिराच्या दारात आलेली म्हातारी त्याला देवऋषी बघायला सांगून गेली होती.

तर मार्च लागला तेव्हाची गोष्ट. तिसरा अंक चालू होता. धरणाचं पाणी उंबऱ्याला लागलंय, सगळं गाव वर गेलंय आणि एकटी कृष्णी आतून कडी घालून बसलीय. सोपान तिला म्हणतो, पोरी, बाहेर ये. त्यावर कृष्णीची चार वाक्यं आहेत. मी बोट ठेवून मनात म्हटली. माझी संपली, तरी सोपान गप्पच. मला वाटलं विसरला. मी पुढचा शब्द टाकला, तर त्यानं माझ्याकडं न बघता हात वर केला, थांब म्हणून. बऱ्याच वेळानं पुढचं बोलला. तालीम संपल्यावर मी त्याला चांगलं झाडलं, की मेल्या, माझा शब्द घ्यायला लाज वाटते का? तर म्हणाला, आगं, तिचं झालं न्हवतं अजून. आम्ही हसलो. तोही हसला, पण जरा उशिरानं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर त्या प्रवेशात असलेले तिघंही एकमेकांकडं न बघता एकदम थांबले आणि एकदम पुढं गेले. मी मोबाईलवर वेळ लावला. वहीतली चार वाक्यं माझ्या हिशेबानं बारा सेकंदांची. हे थांबायचे एक्केचाळीस. रोज एक्केचाळीस, एक कमी नाही की जास्त नाही. सर म्हणाले सवय झालीय, अंगात बसलंय. मग मी रेकॉर्डिंग केलं. तुला तो पंखा माहीत आहे, कटकट कटकट करणारा. सगळ्या तालमीभर त्याची कटकट ऐकू येते, आणि सोपानच्या वाक्यानंतर ती बंद होते. एक्केचाळीस सेकंद काही म्हणजे काही नाही. मग पुन्हा कटकट. पंखा त्या वेळी चालू होता, पिंके. माझ्या वहीची पानं उडत होती, मी हातानं धरून बसले होते.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार? झाडलोट माझ्याकडं असते, म्हणून सगळे गेल्यावर पाट उचलून भिंतीला लावायला गेले तर तो कोमट लागला. माणूस आत्ताच उठून गेल्यावर लागतो तसा. मी तो तिथंच ठेवला आणि दार ओढून घरी आले. पुढच्या आठवड्यात खुद्द सर, ज्यांनी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं ते आपले सर, तालीम थांबवून पाटाकडं बघत अगदी मायेनं म्हणाले, बस गं बाई, किती वेळ उभी राहशील. मग स्वतःच चपापले. घसा खाकरून मलाच ओरडले, की शुभांगी, लक्ष कुठंय तुझं!

त्या रविवारी सई आली. पाट काढला, ती त्या जागी उभी राहिली. सोपान म्हणाला, पोरी, बाहेर ये. सईनं तोंड उघडलं आणि म्हणाली, मला येता येत नाही, कडी बाहेरून आहे. कडी काढा कुणीतरी. मी झटकन वही बघितली. वहीत असलं काही नाही. नाटकात कडी आतून आहे, सगळं नाटकच त्यावर उभं आहे, तुला काय सांगायचं. मी खरा शब्द दिला. सईनं तो घेतलाच नाही. पुन्हा तेच म्हणाली, आणि खालच्या आवाजात, घाईघाईनं, कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखं आणखी बरंच काही पुटपुटली. मग मटकन खाली बसली. पाणी प्यायल्यावर तिला विचारलं, तर म्हणे मी वहीतलंच म्हटलं ना? तिला घरी सोडायला सोपान गेला. ती पुन्हा आली नाही. मी तिला दोष देत नाही.

आवाज सईचाच होता, ते खोटं कशाला सांगू. पण ‘कुणीतरी’ म्हणताना शेवटी दम सोडायची ती पद्धत सईची नव्हे. सहा वर्षं मी विंगेतून ती ऐकलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी फुलाबाईला गाठलं. ती पानशेतच्या पुढं तुमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर दर बुधवारी बांगड्या घेऊन जाते. तिला विचारलं, आमची पिंकी दिसते का गं? तिनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, दोन म्हैनं नळावर न्हाई, गिरणीवर न्हाई, कुठंच न्हाई. मागल्या खोलीला भाईरनं कडी हाय. खिडकीतनं हात तेवढा दिसला, बांगडी न्हाई त्यात एक बी. शेजारणींनी तिला कारणही सांगितलं. शाळेच्या गॅदरिंगला तू पोरांचं नाटक बसवलंस आणि बक्षीस द्यायला तुला स्टेजवर बोलावलं, एवढंच. तेव्हापासून दाजींचं डोकं फिरलं. नाटक बसवलंस म्हणून!  राग आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे भीती वाटली, कारण हे मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं.

तुझ्या आईला घेऊन पोलीस ठाण्यात सांगायला गेले. त्यांनी पदर पसरला. समोरच्या माणसानं चहा पाजला आणि नवराबायकोचा मामला म्हणाला. पोरीनं स्वतः चार माणसांत सांगितलं तर बघू, तुमच्या सांगण्यावर काय करणार? आणि सईच्या तोंडून आलं म्हणून सांगितलं असतं, तर आम्हालाच आत बसवलं असतं.

चार माणसांत, म्हणाला ना तो? मग चारशेंत सांग. शनिवारी तुमच्या गावात भीमजयंती साजरी होणार आहे आणि संध्याकाळी सात वाजता तिथं आपला प्रयोग आहे. सरांनी दोन चकरा मारून ठरवून आणलंय, मानधन नको, नुसता मंडप द्या म्हणून. दाजी कमिटीत सेक्रेटरी आहेत, त्यांना नाही म्हणता येईना. गावात कुजबुज चाललीय म्हणून त्या दिवशी ते तुला नवी साडी नेसवून सासूशेजारी पुढच्या रांगेत बसवणार आहेत, हे फुलाबाईनं पक्कं काढलंय. आम्ही पाबे घाटातून टेम्पो घेऊन येतोय. तुझी आई टेम्पोतच असेल. तिसऱ्या अंकात स्टेजवर कृष्णी नसेल, पाट असेल. सोपान पुढं येईल आणि म्हणेल, पोरी, बाहेर ये. तेव्हा ऊठ. पाच पावलं आहेत, मी जाऊन मोजून आले. पायऱ्या उजवीकडं. एकदा तू उजेडात उभी राहिलीस की तुला खाली ओढायची कुणाची छाती होत नाही ते बघते मी. बोलून झालं की मागच्या बाजूनं टेम्पो.

आता जे सांगते ते ऐकून धीर सोडू नकोस. गेल्या सोमवारपासून तो थांबा कमी कमी होतोय. एक्केचाळीसचे तीस झाले, तिसाचे अठरा. काल नऊ सेकंद. तालीम संपल्यावर सोपान पायरीवर बसून पोरासारखा रडला. म्हणाला, आता ती बोलत न्हाई, निस्ती व्हट हलवती. म्हणून पत्र आज लिहिते आहे, उद्या बुधवार आहे. पिंके, शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. चारच दिवस. जेव, पाणी पी, आणि माझ्यासाठी नाही तर तुझ्या आईसाठी तग धर. वाचून झालं की हा कागद चावून गिळ, नाहीतर फाडून मोरीत सोड.

आता खरं सांगते, हे सगळं फुलाबाईच्या तोंडी निरोप देऊनही भागलं असतं. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तू एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली होतीस. परत जायचं नाही म्हणालीस. मी तुझं ऐकून घेतलं का? नाही. मी तुला चहा दिला आणि शहाणपण शिकवलं. नवऱ्यापुढं काय बोलायचं ते वाक्यसुद्धा मीच दिलं, माझं चुकलं, परत नाटकाचं नाव काढणार नाही. तीन वेळा तुझ्याकडून म्हणवून घेतलं, अडखळलीस तिथं शब्द दिला, आणि भोरच्या स्टँडवर एसटीत बसवून खिडकीतून हात हलवला. तू जाऊन ते वाक्य म्हटलंस, जसंच्या तसं. तू कधी माझा शब्द चुकवला नाहीस, आणि मी तुला हा दिला. माझं चुकलं, पिंके. हे मात्र मला कुणी शिकवलेलं नाही. शनिवारी मी विंगेत असेन, पण वही मिटलेली असेल. मी एक अक्षर देणार नाही. तुला जे बोलायचं ते बोल. काहीच तोंडातून फुटलं नाही तर नुसती उभी राहा. आम्ही थांबू.

तुझीच,
शुभांगी