आईला सवय होईल म्हणे

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण पत्राची रीत म्हणून लिहिलं.

गेल्या आठवड्यात तुझ्याकडे आले, तेव्हा आई काचा लावलेल्या बाल्कनीत राहत होती. तिची खोली तुझ्या पुस्तकांनी घेतलेली. फटींतून बोचरा वारा येत होता आणि घरातला एकुलता हीटर तुझ्या टेबलाखाली, कारण बोटं गारठली की प्राध्यापकांना सुचत नाही. आई दोन स्वेटर घालून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. तू म्हणालास, "होईल ती हळूहळू ॲक्लिमटाइझ."

जेवताना वहिनी चाचरत म्हणाली, "आईंना आत घेऊ या का?" त्यावर तू तुझ्या त्या 'ॲक्लिमटाइझ' शब्दाची कुळकथाच उघडलीस. मूळ ग्रीक 'क्लिमा', म्हणजे उतार. पृथ्वी ध्रुवाकडे कलत जाते, त्या उतारावरचे पट्टे म्हणजे हवामान. मग लॅटिन, मग फ्रेंच. परमुलखातली रोपं नि जनावरं नव्या हवेत रुळवायची, म्हणून फ्रेंचांनी त्याचं क्रियापद केलं आणि ते इंग्रजीत आलं. काय रंगला होतास! बाल्कनीतून आईचा खोकला येत होता, तर तू आवाज चढवलास. 'क्लिनिक' हाही त्याच घराण्यातला, हे मात्र आवर्जून सांगितलंस.

दुसऱ्या दिवशी तिला क्लिनिकमध्ये मीच नेलं. छातीत कफ साठलाय, गारठ्यात ठेवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. तुला फोन केला, तर तू परिषदेला निघाला होतास. विषय काय, तर 'स्थलांतर आणि भाषा'. मला हसूही आलं नाही.

एवढा शिकलास, पण रोपाला विचारता येत नाही आणि आईला येतं, हे तुला सुचलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "त्याची अडचण नको गं, मला सवय होईल." आजवर तुझी कीव यायची, त्या दिवशी किळस आली.

हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवून जातेय, कारण तू परतशील तेव्हा बाल्कनी रिकामी असेल. आईची बॅग वहिनीनेच भरली. न्यायला येऊ नकोस. तुझा फोन आला तर देऊ का, असं मी आईला विचारलं. शाल सारखी करत ती म्हणाली, "बघू, सध्या नको."

तुझीच, नाइलाजाने,
धाकटी