कावडीसाठी खांदा

तीर्थरूप आईस,
सोमलिंगचा साष्टांग नमस्कार.

इथं पुण्यात मी खुशाल आहे. शुगर आटोक्यात आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

गेल्या श्रावणात गोदावरीचं पाणी आणताना मला धाप लागली आणि बाबांची कावड धाकट्यानं, सोमेश्वरनं घेतली. वर म्हणाला, "दादा, आता तुझ्यानं घागर बी उचलंना." ते मनात राहिलं. म्हणून रोज पहाटे महादेवाचं नाव घेऊन दंड-बैठका काढतो. आधी भिंतीला हात टेकून दंड काढायचो, आता जमिनीवर जमतात. बागेतल्या दांड्याला लटकलो की पोरं म्हणतात, "काका, हनुवटी वर न्या." ती अजून जात नाही, पण खांदा भरलाय. डॉक्टर हळू घ्या म्हणाले, तसंच घेतो.

यंदा गोदाकाठापासून आपल्या देवळापर्यंत कावड मीच आणणार. ती वाटेत जमिनीला टेकवायची नसते, हे बाबांनीच शिकवलं. म्हणून सोमेश्वरला सांग, सगळ्या वाटेनं माझ्या शेजारून चाल. मी सांगितलं तर लई हसेल, तुझं ऐकेल.

देवापुढं माझ्या वाटचाही दिवा लाव.

तुझा,
सोमलिंग