ओडेसाची पिवळी हॅट

केसवर्थ, ओहायो
रविवार, १२ मे १९९१

प्रिय ओडेसा,

तुझं पत्र पोचलं. पहिल्या पानावर गुडघा आता बरा आहे म्हणतेस आणि दुसऱ्या पानावर त्याच गुडघ्यामुळे माझ्या निवृत्तीच्या निरोपाला यायला जमणार नाही म्हणतेस. एवढी वर्षं जजच्या खुर्चीतून साक्षीदार ऐकलेत मी. असो. इथे सगळं छान. आत्ताच चर्चमधून आले. आज मदर्स डे, आपल्या गेलेल्या आईसाठी लावलेलं पांढरं फूल अजून कोटावर आहे. हॉलिसने मागच्या अंगणात टोमॅटो लावलेत आणि रोज सकाळी उठून त्यांची विचारपूस करतो. चाळीस वर्षांच्या संसारात माझी एवढी विचारपूस कधी झाली नाही.

एकतीस तारखेला, शुक्रवारी, कोर्टात माझं तैलचित्र लावणार आहेत. भिंतीवर अकरा जज आहेत, सगळे गोरे पुरुष; बारावी मी, काळी बाई. चित्रकाराने हनुवटी एकच ठेवलीय, तेव्हा माणूस भला असावा. सुरुवातीला वकील मला टायपिस्ट समजून हातात कागद कोंबायचे. आता त्यांचीच मुलं माझ्यासमोर चाचरतात. मी समाधानी आहे, ओडेसा. जे निकाल दिले ते आजही पुन्हा देईन.

फक्त एक दिवस सोडून. सहासष्ट सालचा, जज म्हणून माझा पहिलाच.

तू जॉर्जियाहून तीन बस बदलून आली होतीस, ईस्टरला घेतलेली पिवळी हॅट घालून, पिसासकट. लॉन्ड्रीत सात वर्षं इस्त्री करून तू मला वकील केलंस, तेव्हा पहिल्या रांगेवर तुझाच हक्क होता. कोर्टात शिस्त राखणारा बेलिफ क्रॉली तुझ्यापाशी आला आणि हॅट काढा म्हणाला. तू माझ्याकडे पाहिलंस. सगळं कोर्टच माझ्याकडे पाहत होतं. मी म्हणाले, “बाई, कोर्टाचा नियम पाळा.”

सख्ख्या बहिणीला ‘बाई’ म्हणाले मी. तू हॅट काढली नाहीस, उठून गेलीस. संध्याकाळी बॅग भरताना एवढंच म्हणालीस, “तुझं काही चुकलं नाही गं. मीच चुकीच्या कोर्टात आले.” त्यानंतर नाताळचा फोन, वाढदिवसाचा केक, सगळं केलंस, माझ्या कोर्टाची पायरी मात्र चढली नाहीस.

मी तुला नेहमी सांगत आले की नियम म्हणजे नियम, सगळ्यांना सारखा. ते खोटं होतं. तिसऱ्या रांगेत एक गोरी बाई बसली होती, निळी जाळीची हॅट घालून. क्रॉली तिच्या बाजूनेच पुढे तुझ्याकडे आला. बायकांच्या हॅटसाठी नियम कधी नव्हताच. मला ते ठाऊक होतं आणि ती निळी हॅट मला समोर दिसत होती. मी घाबरले. पहिल्याच दिवशी आपल्या माणसांची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून मी तुझा अपमान होऊ दिला.

पुढच्याच सोमवारी क्रॉलीला बजावलं की कुठल्याही बाईच्या हॅटबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पंचवीस वर्षं आपल्या बायका माझ्या कोर्टात चर्चच्या हॅट घालून ताठ बसल्या. मागच्यांना पुढचं दिसायचं नाही, कुरकुर व्हायची. मला प्रत्येक हॅटखाली तू दिसायचीस. हे तुला सांगायला जीभ रेटली नाही, कारण मग निळ्या हॅटचंही सांगावं लागलं असतं.

माझं चुकलं, ओडेसा. फार चुकलं.

ती पिवळी हॅट अजून कपाटावर डब्यात आहे, असं तुझी लेक सांगते. पहिल्या रांगेतली डावीकडची जागा मी राखून ठेवलीय. जज आत आला की सगळ्यांनी उभं राहायचं, ही इथली रीत. शुक्रवारी मी आधीच जाऊन माझ्या खुर्चीत बसणार आहे. तू दारातून आत आलीस की मी उभी राहीन. आणि मी उभी राहिले की त्या कोर्टात कोणाला बसून राहता येत नाही.

हॅट घालून ये.

तुझी धाकटी,
व्हर्लिन