पाकीट की पत्रिका

सोमवार, दुपार

वहिनी,

नमस्कार. ताप-बिप काही आलेला नाही मला. तीन दिवस धडधाकट घरी बसले आहे, आणि फोनवर तुम्ही "काळजी घे गं" म्हणालात तेव्हा आणखीच राग आला. समोर भांडायला गेले की मी रडते, तुम्ही पाणी आणून देता आणि मुद्दा तिथेच राहतो. म्हणून लिहिते आहे.

वर्षअखेरीची पाकिटं तुम्ही वाटलीत. तुम्ही कसली, मी वाटली. ताट माझ्या हातात दिलंत, वर म्हणालात, "तूच दे, तुला सगळे ओळखतात." वॉचमन, ड्रायव्हर, गाडी धुणारा, साहेबांची दाढी करायला येतो तो. परवा लागलेल्या माळ्यालासुद्धा. वॉचमन विचारतो, "मावशी, तुमचं किती जाड?" मी म्हटलं, "आमचं आत ठरतं, तू गेट बघ."

आत काय ठरलं? "तुला पाकीट देणं म्हणजे तुझा अपमान, तू तर घरची."

आता खरं सांगते, हे मीच ओढवून घेतलं. मागच्या वर्षी तुमच्या बहिणीदेखत तुम्ही पाकीट पुढे केलंत आणि मी मोठेपणा केला, "मला कशाला, मी काय परकी आहे?" वहिनी, तसं म्हणायचं असतं. आणि समोरच्याने "घे गं, गप्प" म्हणून हातात कोंबायचं असतं. पाहुणे नको म्हणतात तर तुम्ही चार वेळा आग्रह करून वाढता, मी बघते ना. मला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाहीत. मी तोंडाने नाही म्हणत होते, पण हात पुढेच होता. तुम्ही पाकीट खणात टाकलंत आणि खण गुडघ्याने लावलात.

तेही गिळलं. वर्षभर गिळलंच. पण गुरुवारी चिमणीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. तीच म्हणाली, "आई, मावशीच्या नावाची कुठंय?" तुम्ही मानही वर केली नाहीत. "तिला कशाला पत्रिका, ती घरची." मग माझ्याकडे वळून, "त्या दिवशी पहाटे पाचला ये, आणि अजून एक बाई आण."

पाकिटाला मी घरची, पत्रिकेला मी घरची, आणि पहाटे पाचला बाई. तुमच्या घरच्या बायका त्या दिवशी पुढच्या रांगेत असतील. मी मागे कप विसळत असेन. लग्न लागलं हे मला टाळ्यांवरून कळेल.

चिमणी सहा महिन्यांची होती तेव्हा मी तुमच्याकडे लागले. पहिलीत गेली आणि घरी आली की शाळा-शाळा खेळायची, तिला विद्यार्थी मीच सापडले. मी शाळा दोन वर्षं बघितली होती, तीही विसरले होते. काना-मात्रा चुकली की पट्टी मारायची. तुम्ही ऑफिसात असायचात, तुम्हाला काय माहीत. हे अक्षर वाचता येत असेल तर ते तिच्यामुळे.

असो. साहेबांच्या गोळ्यांची नवी पट्टी चमच्यांच्या खणात मागे आहे, तुम्हाला सापडायची नाही. मागच्या नळाला फडकं बांधलंय, ते सोडू नका.

शनिवारपर्यंत मला दोन्हींतलं एक काहीतरी द्या. पाकीट आलं तर पहाटे पाचला येते, दुसरी बाईही आणते, एक कप फुटणार नाही. पत्रिका आली तर पाहुण्यांच्या वेळेला येईन, चांगले कपडे घालून, खुर्चीवर बसेन. कुणी पाणी मागितलं तर वाढप्याकडे बोट दाखवेन. दोन्ही मागत नाही.

कुणाच्या हाती धाडू नका, स्वतः या. आणि पत्रिका आणलीत आणि मी सवयीने "मला कशाला" म्हटलं, तर ऐकू नका. हातात कोंबा.

शनिवार, संध्याकाळी सहापर्यंत वाट बघते. त्यानंतर माझ्याकडची तुमच्या घराची किल्ली वॉचमनकडे मिळेल.

तुमच्याकडची