समुद्र शेवटी

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणारी माणसं नोंदी ठेवतात. काम असं: अख्ख्या देशाचा उठावाचा नकाशा, पुढच्या खोलीत, जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शाळेच्या नव्या हॉलसाठी. मी रिटायर झालो तेव्हा हेडबाई स्वतः म्हणाल्या होत्या की सर, तुमच्या हातचं काहीतरी शाळेत राहायला हवं. म्हणताना घड्याळाकडे बघत होत्या, पण बाई बिझी असतात. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. पोरं पाठीमागे मला 'पठार' म्हणायची. टक्कल हे वरवरचं कारण. खरं कारण भक्कमपणा.

काल हिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. छातीचं जुनं दुखणं, थंडीत डोकं वर काढतं. बाई म्हणाल्या, धूळ अजिबात नको, आणि जमलं तर महिनाभर समुद्रकाठी न्या. हिचा धाकटा भाऊ तिकडेच असतो, बर्फाच्या कारखान्यात फोरमन. त्याच्याकडे एक खोली रिकामीच आहे. हिने समुद्र अजून पाहिलेला नाही. मीही नाही, पण मला गरज नाही, मी तो शिकवलाय. ठरलं: मार्चअखेर नकाशा पूर्ण, एप्रिलमध्ये दोघं समुद्रावर. समुद्र काय पळून जातोय?

११ जानेवारी
कामाची पद्धत पक्की. प्लायवर खिळे ठोकायचे, प्रत्येक खिळा त्या त्या जागेच्या उंचीइतका. खिळ्यांच्या डोक्यापर्यंत कागदाचा लगदा, वर प्लास्टर, मग पॉलिशपेपर. सुरुवात उत्तरेच्या पर्वतांपासून. पाणी वरून खाली येतं, कामही तसंच. समुद्र शेवटी.

खऱ्या प्रमाणात केलं तर आपलं सर्वांत उंच शिखर बोटाच्या पेराएवढंही होत नाही. कोण बघेल? म्हणून उंची वीसपट. याला शास्त्राची परवानगी आहे. हिला समजावून सांगितलं, तर म्हणाली, तुमच्या बोलण्याचंही हेच प्रमाण आहे. हसलो. नंतर बराच वेळ वाईट वाटत राहिलं.

हिची कॉट पुढच्या खोलीत खिडकीपाशी होती. नेमकी तिथे हिमशिखरं येतात. कॉट मधल्या खोलीत हलवली. तिथे खिडकीच नाही, म्हणजे बाहेरची धूळ येण्याचा प्रश्नच मिटला. एका दगडात दोन पक्षी.

२ फेब्रुवारी
पर्वत झाले. हिमनदीने कोरलेली दरी तर अशी उतरलीय की माझी मलाच थंडी वाजली. पॉलिशपेपर मारताना थोडी पूड उडते. ती धूळ नव्हे, प्लास्टर आहे. डॉक्टरीणबाई धूळ म्हणाल्या होत्या.

हिचा खोकला वाढलाय. हवा बदलतेय.

मधल्या खोलीतून बाहेरच्या दाराकडे जायची वाट समुद्राच्या जागेतून आहे, कारण तो भाग अजून कोरा प्लाय. म्हणजे ही दिवसातून दहा वेळा उपसागर ओलांडते. म्हटलं, बघ, घरबसल्या समुद्र. ती पदर नाकाला लावून पुढे गेली. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
हिच्या छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडापुढे धरला आणि मी चाटच पडलो. हुबेहूब त्रिभुज प्रदेश! मुख्य नदी, तिचे फाटे, फाट्यांचे फाटे, मध्ये गाळाचे पांढरे पट्टे. बाईंना हे सांगितलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. विषयात रस निर्माण करणं ही एक कला आहे. मग त्यांनी विचारलं, घरात काही बांधकाम चालू आहे का. म्हटलं, बांधकाम नाही, भूगोल.

मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, ताईला पाठवून द्या, मी येतो न्यायला. नाही म्हटलं. समुद्र हिला मीच दाखवणार. वाळूचा दांडा कुठला, खाजण कुठलं, कडा कशाने झिजला, त्या बर्फवाल्याला काय कळतंय? ही आतून ऐकत होती. नंतर म्हणाली, मला नुसता बघायचाय हो. नुसता बघणं म्हणजे काय, ते मला कळलं नाही.

संकल्प: उद्यापासून पॉलिशपेपर मारताना खोलीचं दार बंद.

२१ फेब्रुवारी
दार लावलं की मला गुदमरतं. उघडं ठेवलं.

९ मार्च
वाळवंट झालं. नदीचं मैदान अर्धं. पठाराला हात लावलेला नाही, त्याला मूड लागतो. वेळापत्रक किंचित मागे आहे. एप्रिलचं मेमध्ये जाईल. मेमध्ये समुद्र उलट चांगलाच असतो.

हिला आता आडवं पडवत नाही. रात्रभर उशीला टेकून बसते. बसणं फुप्फुसांना चांगलं, असं कुठेतरी वाचलंय. आज तिने विचारलं, समुद्र खरंच निळा असतो का? आकाश, प्रकाश, खोली, सगळं सविस्तर सांगितलं. प्रकाशाच्या किरणांपाशी तिचा डोळा लागला. तिच्याकडे बघत बसलो. केवढीशी झालीय. पूर्वी सायकलवर पाठीमागे बसायची तेव्हा चढ लागायचा.

निर्णय: नियम मोडायचा. समुद्र शेवटी नाही, समुद्र आधी. तिच्यासाठी.

१४ मार्च
ऑइलपेंटचे तीन हात. किनाऱ्याशी फिकट, मग गडद, तळाशी जवळजवळ काळा. ओल्यावर धूळ बसू नये म्हणून सगळ्या खिडक्या गच्च बंद. हिला सांगितलं, वाळेपर्यंत मधल्या खोलीतून बाहेर पाऊल टाकू नकोस, सरप्राइज आहे. वास जरा उग्र आहे. नव्या गोष्टीला वास असतोच.

१५ मार्च
दुपारी ही उठून मधल्या खोलीच्या दारापर्यंत आली. चौकट धरून समुद्राच्या काठाशी थांबली. समोर बाहेरचं दार होतं. पण पाऊल टाकलं नाही. रंग ओला आहे हे तिला माहीत होतं. ओठ निळे दिसले. आधी वाटलं, रंग लागलाय. पुसायला गेलो.

ॲम्ब्युलन्सवाले दोघे बुटांसकट आले. स्ट्रेचर वळवायला जागा हवी म्हणून वाळवंटातून मैदानात, मैदानातून थेट समुद्रात. पायाखाली खिळे वाकल्याचा आवाज. मी ओरडलो, अहो, त्रिभुज प्रदेश सांभाळा! त्यातला एक थांबला आणि म्हणाला, काका, पेशंट कोण आहे नक्की? भलतंच तोंडून गेलं. घाबरलो होतो. इथे लिहायला हरकत नाही, फार घाबरलो होतो.

२ एप्रिल
डॉक्टरीणबाई आवाज चढवून बोलल्या. ज्या घरात ही आजारी पडली त्या घरात तिला परत न्यायचं नाही, असा एकूण सूर. मेहुणा हॉस्पिटलमधूनच तिला परस्पर घेऊन गेला. निघताना म्हणाला, दाजी, तुम्हीही चला, गाडीत जागा आहे. पण समुद्रात बुटांचे ठसे उठलेत. ते तसेच टाकून कसा जाऊ? घासून काढतो, एक हात मारतो, की निघालोच.

हेडबाईंना भेटलो. हॉलमध्ये आता कॉम्प्युटर बसवणार आहेत. म्हणाल्या, सर, नकाशाचा छानसा फोटो काढून पाठवा. म्हणजे नकाशा कॉम्प्युटरवर जाणार! बाई पुढचा विचार करणाऱ्या.

आता दार उघडं ठेवून निवांत घासता येतं, मध्ये कोणी खोकत नाही. घर नको इतकं मोठं वाटतं. जेवायचं राहिलं. जेवण हा तिचा विषय.

२६ एप्रिल
मेहुण्याचा फोन. म्हणाला, नकाशा गेला खड्ड्यात, तुम्ही आधी या. खड्ड्यात! माणसाने निदान घळ तरी म्हणावं. मग फोन हिच्याकडे दिला. एकेका शब्दाला थांबत म्हणाली की या, आणि येताना पुस्तकं आणू नका. पुस्तकं नेणार नाही. टिपणं काढलीत, ती खिशात मावतात.

९ मे, संध्याकाळ
पोचलो. समुद्र पाहिला. सपाट आहे. थोडी निराशा झाली, पण तसं दाखवलं नाही.

मेहुण्याने हिला वाळूवर वेताच्या खुर्चीत आणून बसवलंय. मला बघून हसली. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाली, बसा, काही सांगू नका. मेहुणा चहा आणायला गेला. बसलो. तिने माझं बोट धरलं. थोडा वेळ गप्प राहिलो, तोच फार वाटला. इतक्या लांबून आलोय, आणि समोर वाळूचा दांडा अगदी पुस्तकातल्यासारखा पडलेला. राहवेना. दांड्यापासून सुरुवात केली. मग खाजण, मग कडे आणि त्यांची झीज, मग भरती, ओहोटी, चंद्र. एकही टिपण सोडलं नाही. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. एकदाही खोकली नाही. बत्तीस वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता.

इथेच बसून लिहितोय. डाव्या हाताचं बोट अजून तिच्या मुठीत आहे, उजवा हात मोकळा. डोळे उघडेच आहेत, म्हणजे झोप नव्हे, एकाग्रता. डॉक्टरीणबाईंचं खरं म्हणायचं, ही हवा लगेच गुण देते. हात तेवढा गार लागतोय, वाऱ्याने असेल. माझा स्वेटर तिच्या अंगावर घातलाय. उद्या तिला खाजणापर्यंत नेईन.

मेहुणा चहाचे कप तिकडेच टाकून ओरडत पळत येतोय. वाळूत पळू नये, दम लागतो. आला की सांगतो.